झंझावीरच्या पाठीला चेन नाही

आमच्या जावयाला एक वाईट खोड आहे. घरचं बाहेर सांगू नये म्हणतात, पण तुम्ही वाचणारे, तुमच्यापासून काय लपवायचं! हा माणूस कधी सरळ हो म्हणत नाही आणि सरळ नाहीही म्हणत नाही. मान तिरकी करतो, डोळे मिटतो आणि देवाने कानात येऊन सांगितल्यासारखा म्हणतो, "कॉमिकमध्ये तसं नाहीये."

भाजी का उरवली विचारा, कॉमिक! पंखा कधी दुरुस्त करणार विचारा, कॉमिक! एकदा माझी लेक म्हणाली, "अहो, आभाळ भरून आलंय, गच्चीतल्या चादरी काढा." हा खिडकीशी गेला, आभाळ बघितलं आणि ओरडला, "अगं, अगदी असंच आभाळ आहे, खलनायक येतो त्या पानावर!" आणि पुस्तक शोधायला आत गेला. खलनायक काही आला नाही. पाऊस आला. माझ्या वाळलेल्या चादरी पुन्हा धुतल्या गेल्या, त्याही साबणाशिवाय.

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलगा टीव्हीत आहे. मी रोज टीव्हीपुढे बसायची, दिसेल म्हणून. मागाहून कळलं, हा टीव्हीच्या मागे असतो! दुसऱ्यांनी काढलेली दृश्यं कापायची आणि जोडायची, ही त्याची नोकरी. म्हटलं, हरकत नाही. कापणं आणि जोडणं हा आपलाही धंदा. मी दुसरीच्या पुढे शाळेत गेले नाही, पण माझ्या शिलाईच्या दुकानात वकील, डॉक्टर, बँकेचे साहेब दोन्ही हात वर करून उभे राहतात आणि मी सांगितल्याशिवाय खाली घेत नाहीत. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं माप माझ्या डोळ्यांत उतरलेलं असतं. टेप लावते ती नुसती त्याच्या समाधानासाठी!

तर या जावयाने ती चांगली नोकरी सोडली. का? तर लहानपणी वाचलेल्या 'झंझावीर' नावाच्या कॉमिकची टीव्हीसाठी मालिका काढायची. कार्टून नव्हे हं! हाडामांसाची माणसं घेऊन. भाड्याचं घर सोडून तो माझ्या लेकीला आणि कॉमिकांच्या खोक्यांना घेऊन माझ्या पुढच्या खोलीत राहायला आला. लेक एका कोपऱ्यात मावली. खोकी मावेनात. गिऱ्हाईक कपडा घालून बघायला आत गेलं की खोक्यावर आपटून लंगडत बाहेर यायचं आणि म्हणायचं, "पँट आखूड झालीय." पँट बरोबर असायची, पाय सुजलेला असायचा.

"चॅनेलच्या मोठ्या बाई एक दिवस शूटिंग बघायला येणार आहेत, आई," जावई म्हणाला. "त्यांना आवडलं की मालिका सुरू."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर काय! नोकरी तर गेलीच आहे. इथेच बसेन तुमच्या मदतीला. काज करायला शिकेन."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. त्याने एकदा हौसेने केलेलं काज मी बघितलं होतं. त्यातून बटण काय, मांजर गेलं असतं! आणि हा दिवसभर दुकानात बसून माझ्या गिऱ्हाइकांना सांगणार, कॉमिकमध्ये असा सदरा नाहीये! त्याच क्षणी मी ठरवलं, ही मालिका झालीच पाहिजे. लेकीच्या संसारासाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण तुम्हाला कळलंच.

थोड्याच दिवसांनी तो मूळ पुस्तक घेऊन माझ्या मशीनपाशी आला. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत. हात लावू देण्याआधी मला हात धुवायला लावले! माझ्या दुकानात, मला!

"आई, पोशाखवाल्याला काढून टाकलं मी."

"का? चोरी केली?"

"त्याहून वाईट. झंझावीरच्या पाठीला झिप लावली त्याने."

मी चष्मा चढवला. पानावर एक दांडगा बाप्या. गळ्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकसंध जांभळा, छातीवर कसलंसं चिन्ह. आणि त्या सगळ्यावरून पिवळी चड्डी!

"जावईबापू, ही चड्डी बाहेर का?"

"ती त्याची ओळख आहे, आई."

"असा माणूस रस्त्यात भेटला तर मी ओळख दाखवणार नाही. बरं, चेन नाही तर हा पोशाख अंगात घालतो कसा?"

"कॉमिकमध्ये दाखवलेलं नाहीये."

"बटणं? हुक? नाडी?"

"सगळ्या अंकांत मिळून एक टाका दिसत नाही. तोच तर चमत्कार आहे!"

"चमत्कार त्याचा, घाम आपला! पाठीला चेन लावू, वरून पट्टी देऊ. कोणाच्या बापाला दिसणार नाही."

त्याने पुस्तक पिशवीत घातलं. मान तिरकी, डोळे मिटलेले. "राहू दे, आई. तुम्हाला जमणार नसेल तर आग्रह नाही. वय झालं की नजर जरा..."

बस्स! माझ्या नजरेबद्दल माझा नवरा कधी बोलला नाही, आणि तो तर माझ्या नजरेला टरकूनच असायचा!

"ठेवा ते पुस्तक खाली! चित्रात जसं आहे तसं शिवून देते. एक टाका जरी दिसला तरी दुकानाची पाटी उतरवीन!"

लेक आतून ओरडली, "आई, तू त्यांच्या नादी लागू नकोस!"

पण मी लागले होते.

कामाला बसले आणि कळलं की कापडाला निदान काही नियम असतात, चित्राला काहीच नसतो. झंझावीरच्या पाठीवर एक चादर असते, तिला केप म्हणतात. एका पानावर ती गुडघ्यापर्यंत, दुसऱ्या पानावर तीन इमारती झाकून वर फडफडतेय.

"यातली कुठली लांबी धरू?"

"दोन्ही. केप त्याच्या भावनेनुसार वाढते."

भावनेनुसार वाढणारं कापड कुठल्याही दुकानात मिळालं नाही. शेवटी मी त्याच्या सगळ्यात मोठ्या भावनेचं माप धरलं. अख्खा तागा संपला! मुखवट्याचंही तेच. चित्रात डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं, बुबुळ नाही. मी तिथे पांढरं कापड लावलं आणि विचारलं, "याला दिसणार कसं?"

"झंझावीरला दिसायची गरज नाही, आई. त्याला जाणवतं."

झंझावीर होणारा नट चांगला मुलगा होता. दारांच्या कुलपांच्या जाहिरातीत दार उपटताना दिसतो, तोच. आम्ही त्याला पहिलवान म्हणायचो. दंड माझ्या मांडीएवढे, आवाज मात्र चिमणीचा. त्याच्या व्यायामवाल्याने सांगितलं होतं, दिवसभर पाणी पीत राहा, अंगाला तेज येतं. म्हणून तो तान्हं मूल घेऊन हिंडावं तशी एक अवाढव्य बाटली काखेत घेऊन हिंडायचा आणि दर दोन वाक्यांमागे घोट घ्यायचा.

चेन न लावता त्याला त्या पोशाखात घालायचं कसं, याची युक्ती मीच काढली. पाठ उघडी ठेवायची, शूटिंगच्या दिवशी पहिलवानाला आत उभा करायचा आणि अंगावरच शिवून टाकायचा! दोरा त्याच रंगात रंगवून घेतला, सुई केसासारखी बारीक. लेकीला सांगितलं, "बघच तू. तुझा नवरा जन्मभर माझ्या टाक्याचं नाव काढेल."

ते काही खोटं ठरलं नाही म्हणा.

शूटिंग होतं एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. आत पुठ्ठ्याचं शहर उभं केलेलं, दिवे असे तापलेले की उभ्या उभ्या माणसाचा पापड व्हावा. बाई सकाळी येणार होत्या. झंझावीरची चित्रं ज्यांनी काढली, ते म्हातारे चित्रकारही आले होते. जावयाने त्यांना कुठून कुठून शोधून काढलं होतं. त्यांच्यासमोर तो असा वाकून उभा राहायचा की मला त्याच्या शर्टाची मागची शिवणच दिसायची. म्हातारबुवांनी एक बिस्किटाचा पुडा मागून घेतला, खुर्चीत बसले आणि झोपी गेले.

मी पहिलवानाला शिवायला घेतलं.

"काकू, टोचतंय."

"सुई टोचत नाही, तुम्ही हलताय. श्वास घेऊ नका."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

शेवटची गाठ आत दडवली, दोरा तोडला आणि मागे सरकले. काय सांगू! पाठ म्हणजे जांभळ्या तळ्याचं पाणी. शिवण नावाला नाही. मी शिवलेलं, आणि मलाच दिसेना! जावई आला, त्याने पुस्तक उघडलं, एकदा पानाकडे बघितलं, एकदा पहिलवानाकडे. डोळ्यांत पाणी. "आई," तो म्हणाला, "कॉमिकमध्ये असंच आहे!"

त्याच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. मी अशी फुगले की माझाच पोशाख उसवायचा.

एवढ्यात निरोप आला, बाईंना उशीर होणार. थांबलो. जेवणं झाली, थांबलो. पहिलवानाला जेवण नको होतं, पोट दिसेल म्हणून. तो बिचारा मुखवट्याखालून नळी घालून नुसतं पाणी पीत होता. दिव्यांची धग, वर जाड कापड, मग तहान लागणारच! बाटली संपली. त्याने दुसरी मागितली. मीच आणून दिली.

मग तो चाचपडत माझ्याजवळ आला.

"काकू."

"काय?"

"जायचंय."

"कुठे?"

"काकू... जायचंय."

मी जावयाकडे बघितलं. जावई लाल झाला. "आत्ता? बाई फाटकाशी पोहोचल्यात! आणि झंझावीर कधीच जात नाही. सगळे अंक काढून बघा, एकदाही गेलेला नाही!"

"अहो, माणूस आहे तो!" लेक म्हणाली.

"तुमचा झंझावीर कागदाचा होता, जावईबापू," मी म्हणाले, "हा पाण्याने भरलाय! सरका बाजूला, पाठ उसवते मी."

कात्री घेतली, पहिलवानाला वळवलं आणि शिवण शोधू लागले. शिवण नाही! चष्मा पुसला. नाही! बोटांनी चाचपलं, दिव्याखाली नेलं, वाकवलं, ताणलं. जांभळ्या तळ्यावर तरंग उठेना! ज्या एका टाक्यापायी मी पाटी उतरवायला निघाले होते, तो एक टाका दिसावा म्हणून आता हात जोडायचे बाकी होते.

"काकू, लवकर!"

"शोधतेय रे बाळा!"

"तुम्हीच शिवलंत ना?"

"म्हणूनच सापडत नाहीये!"

"बाई आल्या!" दारातून कोणीतरी ओरडलं, आणि जावयाने माझ्या हातातून पहिलवान हिसकावून नेला.

चॅनेलच्या बाई म्हणजे एवढीशी मूर्ती, चष्मा मात्र खिडकीएवढा. त्या आल्या, चाकांच्या खुर्चीत बसल्या, घड्याळ बघितलं. "मला वेळ नाही. दाखवा."

पहिलवानाला हाताला धरून पुठ्ठ्याच्या इमारतीमागच्या फळीवर चढवलं. खांद्यांना केप अडकवून खाली सोडली. ती इमारतीवरून उतरली, रस्त्यावरून वळली आणि बाईंच्या खुर्चीखाली जाऊन पडली. सगळ्यात मोठ्या भावनेचं माप!

"ॲक्शन!"

झंझावीर पाय घट्ट जुळवून उभा राहिला. आवाज थरथरत होता. "मी... मी जोवर उभा आहे... तोवर या शहरात रक्ताचा एक थेंब..."

थेंब म्हणाला आणि अडकला.

"एक थेंबही..." पुन्हा अडकला. गुडघे एकमेकांवर घासू लागले.

बाई पुढे झुकल्या. "आवाजात काय वेदना आहे!" त्या पुटपुटल्या. जावयाने माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत विजय.

"एक थेंबही मी... मी... नाही होत हो आता माझ्याच्याने!" असं म्हणून झंझावीरने शहरात उडी मारली आणि धावत सुटला!

डोळ्यांवर पांढरं कापड. पहिल्या धडकेत बँक पडली, दुसऱ्या धडकेत दवाखाना. घंटाघर स्वतःहूनच आडवं झालं. मागून केप सरसरत निघाली, ती बाईंच्या खुर्चीच्या चाकात गुंतली आणि बाई खुर्चीसकट निघाल्या! "थांबवा! थांबवा!" त्या ओरडतायत, मागून जावई धावतोय, "कट! कट!", त्याच्या मागून लेक, तिच्या मागून कात्री घेऊन मी. म्हातारे चित्रकार गलक्याने जागे झाले, त्यांनी ही मिरवणूक बघितली आणि टाळ्या वाजवल्या.

शेडच्या टोकाला मोरी होती. तिथवर त्याला कोणी वाट दाखवली नाही, कोणी हात धरला नाही. पण पठ्ठ्या बरोबर तिच्याच दारात जाऊन शिरला! त्याला जाणवलं! दार धाडकन लागलं, केप दारात अडकली आणि बाईंची खुर्ची दारावर येऊन थडकली.

आतून आवाज आला, "काकूऽऽ! हे उघडत नाहीये!"

उघडणार कुठून? उघडायला काही ठेवलंच नव्हतं!

मी बाईंची खुर्ची सरकवली आणि आत शिरले. अशा वेळी बाईमाणसाने डोळे मिटावेत हे मलाही कळतं, पण हातात कात्री असताना डोळे मिटणं त्याच्याच हिताचं नव्हतं. गळ्यापासून कात्री लावली.

बाहेरून जावई कळवळला, "आई, छातीवरचं चिन्ह! चिन्ह सोडून कापा!"

मी चिन्हही कापलं. पिवळी चड्डीही कापली. मग पाठ फिरवून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. त्यानंतर अख्खी शेड गप्प उभी राहिली. बराच वेळ. मध्ये एकदा थांबलं असं वाटलं, पण नव्हतं थांबलं.

जावयाचा चेहरा बघवत नव्हता. तो त्या म्हाताऱ्या चित्रकारांपुढे जाऊन उभा राहिला, हात जोडले. "क्षमा करा. तुमचा झंझावीर मला जपता आला नाही. पाठीला झिप नसलेला असा एकच वीर..."

"झिप नाही?" म्हातारबुवा म्हणाले. "असेल की!"

"नाहीये! एकाही चित्रात नाहीये!"

"मग काढायची राहिली असेल. दर पंधरवड्याला अंक द्यायचा, झिपा कोण काढत बसणार!"

जावई दोन पावलं मागे सरकला. "आणि केप? तीन इमारतींवर पसरलेली?"

"इमारती म्हटल्या की खिडक्या आल्या. मला खिडक्यांचा भारी कंटाळा. केप पसरली की सगळ्या झाकल्या जातात."

"आणि... डोळे?" आता त्याचा आवाज पहिलवानाहून बारीक झाला होता.

"एकदा घाईत राहिले. वाचकांची पत्रं आली, काय गूढ नजर आहे! म्हटलं, बरंच झालं, सुटलो."

"आणि ती चड्डी?" मला राहवेना.

"जांभळा रंग संपला होता, बाई."

चाकांच्या खुर्चीतून एक विचित्र आवाज आला. बाईंचा चष्मा तिरका, केसांत पुठ्ठ्याचा तुकडा, आणि त्या हसत होत्या. हसू आवरून त्यांनी जावयाला जवळ बोलावलं.

"असे उडणारे वीर मला दर महिन्याला कोणीतरी दाखवतं," त्या म्हणाल्या. "एकाचीही काळजी वाटली नाही कधी. आज हा पळाला ना, तेव्हा मी मागे फरपटत होते, तरी माझं लक्ष एकाच गोष्टीत होतं, हा वेळेवर पोहोचतो की नाही! मालिका घेते मी. त्याला चेन लावा, बघायला भोकं ठेवा आणि दर भागात असाच जिवाच्या आकांताने पळू दे. कशासाठी ते तुम्ही ठरवा. फक्त हेच कारण पुन्हा नको."

लेकीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी मनातल्या मनात खोकी उचलून तिच्या नव्या घरी पोहोचवलीसुद्धा!

जावई मात्र कोसळलेल्या दवाखान्यावर बसून राहिला. मालिका मिळालेला माणूस असा दिसतो का? पुस्तक मांडीवर, पिशवीबाहेर. मी जाऊन शेजारी बसले. दवाखाना आणखी दबला.

"आई," तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी जे जपलं, ते..." आणि सवयीने मान तिरकी करून डोळे मिटू लागला.

"डोळे उघडे ठेवा आणि ऐका, जावईबापू!" मी म्हणाले. "त्या म्हाताऱ्याने कंटाळा केला. तुम्ही त्याच्या कंटाळ्याला देव्हाऱ्यात बसवलंत. आणि मी त्या कंटाळ्याला, एक टाका न दिसता, कपडे शिवले! आपल्या तिघांत कमी वेडा कोण म्हणाल, तर तो म्हाताराच. त्याला निदान माहीत होतं की आपण कंटाळलोय!"